आजच्यापुरती भाकर

ख्रिस्ती श्रद्धेने पोटाचा प्रश्न प्रार्थनेबाहेर ठेवलेला नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ सगळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक म्हणतात. ती इतकी छोटी आहे की लहान मुलाला दोन दिवसांत पाठ होते. तिच्यात आधी देवाचे नाव आणि त्याचे राज्य येते, आणि पाठोपाठ जेवण. मराठी बायबलात या जागी ‘भाकर’ हा शब्द आहे. ज्वारी-बाजरीच्या मुलखात दुसरा शब्द शोभलाही नसता. मागणे मात्र फक्त आजच्या दिवसाचे आहे, वर्षभराच्या धान्याचे नाही. याला जुन्या करारातल्या एका गोष्टीचा आधार आहे. मिसर देशातून निघून रानावनातून चाललेल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी जमिनीवर पडलेला मान्ना मिळे. ज्याने तो उद्यासाठी साठवला, त्याच्या भांड्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुपटीची सवलत होती. हातावर पोट असलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

घोडपदेव हा मुंबईतला भाग हातावरच्या पोटांनीच वसवला. भायखळा, माझगाव, काळाचौकी आणि रे रोड यांच्या मधोमध तो येतो. एका अंगाला बंदर आणि गोद्या, दुसऱ्या अंगाला गिरण्या, आणि मधे चाळी. वस्तीला नाव मिळाले ते घोडपदेवाच्या देवळावरून. इथल्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा त्याची झळ याही गल्ल्यांना लागली. न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांसाठी बांधलेले मनोरे उभे आहेत. अशा वस्तीत ख्रिस्ती कुटुंबे थोडी. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. पण घोडपदेवातून पायी निघाले तर भायखळा आणि माझगावची अर्धा डझन तरी देवळे गाठता येतात, आणि ‘देऊळ’ हा शब्द जुने मराठी ख्रिस्ती लोक चर्चसाठीही बिनदिक्कत वापरतात.

या देवळांत येणारी माणसे दोन वाटांनी आली. एक वाट कॅथलिकांची. माझगाव हे पोर्तुगीज काळापासूनचे गाव, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ईस्ट इंडियन कुटुंबे माथारपाखाडीसारख्या वाड्यांत आजही आहेत. त्यांच्यात पुढे बोटींवर आणि गोदीत काम करणारे गोवेकर मिसळले. दुसरी वाट मराठी प्रॉटेस्टंटांची. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांच्या मागून आलेल्यांनी नगर जिल्ह्यात काम वाढवले. दुष्काळांच्या काळात आणि नंतरही नगर, जालना, औरंगाबादकडची कुटुंबे पोटासाठी मुंबईला आली. भायखळ्याचे ह्यूम हायस्कूल आणि ह्यूम मेमोरियल चर्च ही त्या मिशनची खूण. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा मिशनच्या या मंडळ्याही त्यात सामील झाल्या. या लोकांची आडनावे गायकवाड, साळवे, भालेराव अशीच असल्याने शेजाऱ्यांना पुष्कळदा नाताळचा तारा दारात लागेपर्यंत पत्ता नसतो. आपसांत भेटल्यावर मात्र जुनी माणसे ‘सलाम’ म्हणतात.

श्रद्धेने जगणे म्हणजे काय, याचे उत्तर या दोन्ही समाजांत आधी वेळापत्रकात मिळते, तत्त्वज्ञानात नंतर. गोवेकर खलाशांचे ‘कूड’ हे त्याचे चांगले उदाहरण. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत भाड्याने घेतलेली सामाईक खोली. बोट मिळेपर्यंत किंवा बोटीवरून उतरून गावी जाईपर्यंत गावचा माणूस तिथे अगदी थोडक्या पैशांत राहू शके. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत असे कूड शेकड्यांनी होते. भिंतीकडेने पत्र्याच्या आणि लाकडी पेट्या ओळीने रचलेल्या असत. माणसाला जागा मिळे ती पेटीपुरती, आणि रात्री पथारी पसरण्यापुरती. समोरच्या भिंतीवर गावच्या संताची वेदी असे. संध्याकाळी ठरल्या वेळी जपमाळेची प्रार्थना होई आणि तिला हजर राहणे हा नियम होता, आवड नव्हे. महिनोन्‌महिने समुद्रावर, मग महिनोन्‌महिने नोकरीच्या रांगेत, अशा आयुष्यात हा अर्धा तास गावाशी बांधून ठेवत असे. घरी बायको त्याच सुमारास मुलांना घेऊन तीच माळ ओढत असणार, हे प्रत्येकाला माहीत होते. भक्ती आणि वसतिगृहाची शिस्त यांची इतकी बेमालूम सांगड दुसरीकडे क्वचित पाहायला मिळते.

मराठी प्रॉटेस्टंटांकडे जपमाळ नाही, वेदीही नाही. त्यांच्याकडे घरप्रार्थना आहे. आठवड्यातल्या एका संध्याकाळी मंडळीतली पंधरा-वीस माणसे कोणा एकाच्या घरी जमतात. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग भिंतीला टेकवून उभा केला जातो, सतरंजी अंथरली जाते, चपलांचा ढीग गॅलरीत शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो. पेटी असली तर पेटी, नाही तर नुसत्या टाळ्या आणि झांजा. गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली. त्यांतली कितीतरी अभंग, ओवी आणि साकीच्या चालींवर आहेत, कारण ती लिहिणारी माणसे कीर्तनात वाढलेली होती. एकोणिसाव्या शतकात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी तर ख्रिस्ती कथानकावर सरळ कीर्तनच उभे केले. गीतानंतर बायबलमधला उतारा, मग ‘साक्ष’. साक्ष म्हणजे आठवड्यात काय घडले ते उभे राहून सांगणे. कोणाचा मुलगा बारावीला नापास झाला, कोणाला कंत्राटदाराने दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत, कोणाच्या सासूचे ऑपरेशन निभावले. मग एकेका विषयासाठी प्रार्थना. शेवटी चहा आणि बिस्किटे, आणि खरी चौकशी होते ती या चहाच्या वेळी. कोणाला किती पैसे कमी पडताहेत, कोणाच्या ओळखीचा डॉक्टर आहे, हे तिथे जुळते. पाळकसाहेब उठून गेल्यावरही बायका जिन्यात बोलत उभ्या असतात.

या साक्षींमध्ये चांगल्या बातम्या जास्त ऐकू येतात, हे खरे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटते की विश्वास ठेवला की संकट टळते, असा या धर्माचा दावा असावा. तसा दावा करणारे प्रचारक आहेतही. अलीकडच्या काळात टीव्हीवरून आणि मोठ्या सभांतून ‘विश्वास दाखवा, आशीर्वाद मिळवा’ असा उपदेश वाढला आहे, आणि आशीर्वादाचा अर्थ तिथे बहुधा नोकरी, व्हिसा आणि फ्लॅट असा होतो. मूळ ग्रंथ मात्र याबाबतीत फारच कमी आश्वासने देतो. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक तक्रारीची आहेत: देवा, किती दिवस, कुठे आहेस, दुष्टांचे का चालले आहे. ईयोबाच्या पुस्तकात एका सज्जन माणसाची मुले, गुरेढोरे आणि प्रकृती सगळे जाते. तुझ्याच हातून काही पाप घडले असेल, असे त्याला समजावणाऱ्या मित्रांवर शेवटी देव रागावतो. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. खुद्द येशू वधस्तंभावर एका तक्रारीच्या स्तोत्राचे शब्द उच्चारतो. म्हणजे रडगाणे हे अविश्वासाचे लक्षण नाही, तो प्रार्थनेचाच एक मान्य प्रकार आहे. जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठलाला फैलावर घेणाऱ्या बाईला हे चटकन कळेल.

नवसाची गोष्ट जरा निराळी. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना नावाची प्रार्थना चालते. दादर, परळ, घोडपदेव, कुठूनही बस पकडून माणसे जातात, आणि त्यांतली पुष्कळ ख्रिस्ती नसतात. चर्चबाहेरच्या गाड्यांवर मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात: पाय, हात, डोळे, तान्हे बाळ, घर. ज्याला जे हवे त्याने ते घ्यायचे आणि आत वाहायचे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मेणाचा पाय आणि भाड्याच्या खोलीतून सुटका हवी असेल तर मेणाचे घर. प्रॉटेस्टंट पाळकांना हे पटत नाही आणि कॅथलिक धर्मगुरूही प्रवचनातून सांगत असतात की हा सौदा नव्हे. तरी बुधवारची रांग हटत नाही. शास्त्र आणि लोकाचार यांच्यातली ही ओढाताण मुंबईच्या कुठल्याही देवस्थानाला नवी नाही, आणि मेणाच्या घरांचा खप हा शहराच्या घरभाड्याबद्दलचा बराच प्रामाणिक अहवाल म्हणता येईल.

श्रद्धा घेतली आणि संसार सोपा झाला नाही, उलट विस्कटला, याचे मराठीतले सर्वांत मोठे चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, कवी, लहरी आणि हट्टी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी पत्ता नव्हता. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांना नातेवाइकांनी पंढरपुरात नेऊन ठेवले. पुढची काही वर्षे नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्यात, मधे पत्रांची ये-जा. लक्ष्मीबाई परत टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही धर्म बदलायला नाही. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक वेगळा होता. त्यांच्या मनातले वळण कुठल्या प्रवचनाने आले नाही. जात ही देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकटीने बसून स्वतःशी सोडवला, माणसाने केली असे उत्तर आले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

पुढचे सगळे पुस्तक म्हणजे एका घराच्या रोजच्या तंगीची हकिगत आहे, आणि ती इतकी हसत सांगितली आहे की वाचणारा तंगी विसरतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. बाजाराला निघालेला माणूस वाटेत कोणाला तरी सगळे देऊन रिकाम्या पिशवीने परत येई, नाही तर भलतीच वस्तू घेऊन येई. दुष्काळातली पोरकी मुले घरात येत, पाहुणे येत, आणि चुलीपाशी हिशेब मांडायला लक्ष्मीबाई. ही बाई लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकली. मिशनच्या कामात तिने दुष्काळातल्या मुलांना सांभाळले, प्लेगने आजारी पडलेल्यांची शुश्रूषा केली. तिची श्रद्धा भाबडी नव्हती. नवऱ्याच्या देवाशी तिचे वैर नव्हते, पण नवऱ्याच्या व्यवहाराशी रोजचे होते, आणि दोन्ही गोष्टी ती एकाच दमात लिहिते. ख्रिस्ती जीवनावरची उपदेशपर पुस्तके मराठीत थोडी नाहीत. त्यांतली बहुतेक आज कोणी उघडत नाही. ‘स्मृतिचित्रे’ टिकले, कारण त्यात संकटाला रंगरंगोटी नाही.

टिळकांचा मिशनशीही सूर पुरता जुळला नाही. परदेशी मंडळींच्या पगारावर राहून भारतीय चर्च उभे राहणार नाही, असे त्यांचे मत बनत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळत होते; १८४२ साली नगरला सुरू झालेले हे नियतकालिक. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले ते भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, घोडपदेवहून थोड्याच अंतरावर. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ तेव्हा दहा-अकरा अध्यायांवर अडलेले होते. उरलेला ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचून पुरा केला, एकूण पाऊणशेच्या घरात अध्याय. अक्षरओळख उशिरा झालेल्या बाईने. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ‘ख्रिस्तायन’ छापून आले.

रोजच्या दुःखाला सार्वजनिक रूप येते ते साथीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, कॅथलिक. पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. शहर भराभरा रिकामे होऊ लागले. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या ख्रिस्ती वाड्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले. साथ वाडीत शिरू नये म्हणून केलेली ही विनवणी होती. गावाच्या वेशीवर मरीआईला नारळ फोडण्याइतकीच जुनी भावना, फक्त दगडाचा आकार वेगळा. त्यांतले काही क्रूस अजून उभे आहेत. मे महिन्यात त्यांना फुलांच्या माळा घालतात, संध्याकाळी शेजारपाजारचे जमून लितानी म्हणतात आणि शेवटी द्रोणात उकडलेले चणे वाटतात. चण्यासाठी थांबणाऱ्या पोरांना धर्म विचारायची पद्धत नाही.

व्हिएगस यांचे काम आणि हे क्रूस एकाच काळातले, एकाच समाजातले. प्रार्थना की औषध, असा वाद तिथे झालेला दिसत नाही. याच काळात मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात डॉ. गुरुबाई करमरकर काम करत होत्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तिथूनच गुरुबाई १८९२ मध्ये पदवी घेऊन आल्या. आनंदीबाईंना पदवी वापरायला आयुष्य मिळाले नाही. गुरुबाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ मुंबईत रुग्ण तपासले. त्यांचे नाव मराठी शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, ही चुटपुट लागण्यासारखी गोष्ट आहे.

कामालाच उपासना मानावे, हा विचार ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक लंगडा माणूस स्वयंपाकघरात राबत असे. भांडी घासताना आणि आमलेट उलटताना देवाचे भान ठेवणे, एवढीच त्याची साधना. त्याची पत्रे आणि संभाषणे पुढे जगभर वाचली गेली. मराठी वाचकाला त्यासाठी पॅरिसला जायला नको. अरणच्या सावता माळ्याने कांदा-मुळा-भाजीतच विठाई पाहिली, पंढरीची वाट धरली नाही. भायखळ्याच्या पूर्वेला भाजीबाजाराच्या रस्त्याला याच सावता माळ्याचे नाव आहे, आणि योगायोग असा की ग्लोरिया चर्चचे उंच मनोरे त्याच संत सावता मार्गावर आहेत. हे चर्च मुळात माझगावात १६३२ चे; जुने १९११ मध्ये पाडले आणि १९१३ पर्यंत इथे नवे उभे राहिले. पहाटेच्या मिस्सेला जाणाऱ्या बायका भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढत जातात आणि येताना त्याच गाड्यांवरून कोथिंबीर घेऊन येतात.

श्रद्धेचे काम देवळाबाहेर कसे करायचे, याचा या भागातला सर्वांत धाडसी प्रयोग नागपाड्यात झाला. मुक्ती फौज ही ख्रिस्ती संघटना १८८२ च्या सप्टेंबरातच मुंबईत आली होती. तिचे लोक भगवी वस्त्रे घालून, भाकरतुकडा खाऊन गरिबांत राहत, आणि रस्त्यावर मिरवणूक काढल्याबद्दल तुरुंगातही गेले. अमेरिकन मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांची रीत वेगळी होती. १९२७ मध्ये त्यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केले. भोवती मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी दाट सरमिसळ. मॅनशार्ट यांनी तिथे धर्मांतर हा उद्देश ठेवला नाही. दवाखाना, वाचनालय, वर्ग, खेळाचे मैदान, व्याख्याने असे काम चाले. शेजाऱ्याला मदत करताना त्याच्याकडून बदल्यात काहीच मागायचे नाही, ही भूमिका मिशनच्या जुन्या लोकांना पचायला जड गेली असणार. १९३६ मध्ये याच इमारतीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. देवनारच्या हिरव्या आवारात शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेचे बाळंतपण नागपाड्यात झाले हे ठाऊक असेल, कोण जाणे.

घरातला एक त्रास मात्र साक्षीच्या वेळी उभे राहून सांगितला जात नाही, तो म्हणजे दारू. ख्रिस्ती माणूस म्हणजे पिणारा, हा हिंदी सिनेमाने पक्का करून टाकलेला समज अन्यायाचा आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर दारूला पूर्ण मनाई सांगितली जाते. पण व्यसन धर्म पाहून येत नाही, आणि लाज मात्र धर्म पाहून वाढते. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीला त्यांनी अय्यंगार योगाची जोड दिली. आपल्या ताकदीने जमत नाही, हे चारचौघांत कबूल करणे ही या पद्धतीची पहिली पायरी. कॅथलिकांच्या पापनिवेदनाशी तिचे नाते उघड आहे; फरक एवढाच की इथे जाळीपलीकडे फादर नसतो, समोर आपल्यासारखेच दहा जण बसलेले असतात.

कागदपत्रांचा त्रास सगळ्यांत कोरडा. दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. आधी फक्त हिंदूंना असलेला दर्जा शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. याचा अर्थ चाळीत असा होतो: एकाच गावच्या, एकाच वाड्यातून आलेल्या दोन भावकीतल्या मुलांपैकी बौद्ध घरातल्याला एक दाखला मिळतो आणि ख्रिस्ती घरातल्याला दुसरा. गावातल्या पाणवठ्याने दोन्ही आज्यांना सारखेच हाकलले होते. त्यामुळे काही कुटुंबांनी रविवारी एक ओळख आणि कागदावर जुनी ओळख ठेवली. पाळक त्यावर बोलायला कचरतात. न्यायालयाने मात्र सांगितले आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण करून अनुसूचित जातीचा लाभ मागता येणार नाही असा निकाल दिला. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. ख्रिस्ती मंडळीच्या आतही जात पुरती गेलेली नाही, लग्न जमवताना ती हळूच विचारली जाते. लक्ष्मीबाईंनी एका बैठकीत सोडवलेला प्रश्न समाजाला शंभर वर्षे पुरला आहे.

तंगीत असतानाही देण्याची शिस्त आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे ‘दशांश’, मंडळीला द्यावा असे सांगितले जाते. प्रत्यक्षात थोडे लोक तो पुरा देतात. मिझोराममध्ये बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात आणि त्या मुठींतून मोठमोठी कामे उभी राहिली आहेत. मुंबईत शेत नाही, तरी कापणीचा सण साजरा होतो. चर्चच्या अंगणात लिलाव मांडतात: नारळ, घरचे लोणचे, केक, एखादी जिवंत कोंबडी. नारळ दोनशे रुपयांना जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. असा एकच नारळ चार-पाचदा विकला जातो आणि शेवटी ज्याच्या घरी पोचतो, तिथे त्याची चटणी होते.

शेवटचा खर्च मातीचा. घोडपदेवच्या उत्तरेला शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आर्थर क्रॉफर्ड यांनी कृषी-उद्यान संस्थेच्या बागेची ही जागा मिळवली. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे पुरलेला आहे, आणि नाव न कोरलेली असंख्य माणसेही. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तशी मेलेल्यालाही नाही. कायमची कबर आता फार थोड्यांना परवडते. साधारण दोन-अडीच वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या लहानशा कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्या कोणाला देतात. १९६३ पासून कॅथलिक चर्चने दहनालाही परवानगी दिली आहे, पण लोक अजून मातीच मागतात. अंत्यविधीला मंडळीतले पुरुष खांदा देतात, बायका घरी स्वयंपाक पाहतात, आणि मृताच्या घरची चूल पेटणार नाही हे धरून शेजारची हिंदू घरे डबे पाठवतात.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कॅथलिक कुटुंबे शिवडीला येतात. अनेक मराठी मंडळ्या पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे येतात. कोनाड्यासमोर मेणबत्ती उभी राहायला जागा नसते, म्हणून ती जमिनीवर लावतात. झेंडूची माळ कोनाड्याच्या खिळ्याला अडकवतात, रुमालाने नावाची पाटी पुसतात, आणि आठच्या पाळीवर ज्यांना जायचे असते ते डबा हातात घेऊन थेट कॉटन ग्रीन स्टेशनच्या दिशेने चालू लागतात.